डोंबिवली सोडून कोल्हापूर: भाग कुठला, आणि घर विकत की भाड्याने?

गोग्रासवाडीकर

नमस्कार. आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो. घरात चौघं: मी, नवरा, सातवीतली मुलगी आणि सासूबाई. नवऱ्याचं काम कॉम्प्युटरवरचं, घरूनच चालतं. महिन्यातून दोनदा अंधेरीच्या ऑफिसात जावं लागतं, बस. मी शाळेत शिकवत होते. सासूबाईंचे गुडघे बिघडले तेव्हा नोकरी सोडली, आता घरी शिकवण्या घेते.

घरभाडं २३ हजारांवर गेलंय आणि मालक दरवर्षी वाढवतो. विकत घ्यायचं म्हटलं तर धड टूबीएचकेला जो आकडा ऐकतो त्यात सगळी साठवण घालूनही वीस वर्षांचं कर्ज उरतं. ज्या माणसाला रोज लोकल पकडायचीच नाही त्याने लोकलच्या शेजारी राहण्याचे पैसे का मोजायचे, असं आता वाटायला लागलंय.

नाशिक आणि सातारा दोन्हींचा विचार झाला. मन कोल्हापूरवर बसलंय, कारण सासर कणकवलीजवळ. राधानगरीवरून फोंडा घाट उतरलं की गाव. कोल्हापुरात मात्र आमचं नात्यातलं कुणी नाही.

एका एजंटने पाचगावात नव्या इमारतीत टूबीएचके दाखवलाय, ४२ लाख सांगतोय. जूनच्या आत बुकिंग करा, नंतर भाव वाढणार म्हणतो. घ्यावा का? की आधी भाड्याने राहावं? महिन्याचा खर्च खरंच किती उतरतो? सासूबाईंसाठी दवाखाने कसे आहेत? आणि मनातलं विचारते: बाहेरून आलेल्यांना तिथे आपलं म्हणतात का?

घाटमाथा

फक्त प्रवासाचं सांगतो, बाकी तिथे राहणारे सांगतील. महिन्यातून दोनदा मुंबई म्हणजे महालक्ष्मी एक्स्प्रेस. रात्री कोल्हापुरात बसायचं, सकाळी मुंबईत. कल्याणला थांबते, त्यामुळे तुमच्या ओळखीच्या भागातच उतराल. परतीलाही तीच. तिकीट मात्र आरक्षण खुलं झालं की लगेच काढायचं. अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांमुळे गाडी बाराही महिने भरलेली असते, नवरात्रात आणि मे महिन्यात तर विचारायलाच नको. दिवसाची कोयना आहे, पण ती फार वेळ खाते. पुण्यापर्यंत २०२४ च्या सप्टेंबरपासून वंदे भारत सुरू झाली आहे, आठवड्यातून तीनच दिवस. रस्त्याने जायचं ठरवलंत तर कागल ते सातारा सहापदरीकरणाचं काम बरंच रेंगाळलंय; वळणरस्त्यांचा वेळ धरूनच निघा.

उद्यमनगरची हिशेबनीस

ताई, आम्ही कळव्याहून आलो, २०१८ च्या दिवाळीनंतर. आमचंही इथे कुणी नव्हतं. मी शिवाजी उद्यमनगरातल्या लेथवाल्यांची, पॅटर्नवाल्यांची आणि शिरोलीतल्या दोन लहान फाउंड्रींची खाती लिहिते, त्यामुळे गाव मला वहीतून आणि रस्त्यावरून असं दोन्हीकडून कळलंय. तुमचा प्रश्न वाचून एकच गोष्ट आधी सांगावीशी वाटली: जूनच्या आत काहीही बुक करू नका. जूनच्या आत यायचं असेल तर राहायला या, भाड्याच्या घरात. एक अख्खा पावसाळा इथे काढा. घर त्यानंतर.

का ते सांगते. मुंबईत पाणी साचतं ते भरतीच्या वेळी, आणि काही तासांनी उतरतं. इथे तसं नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांचं पाणी एकत्र येऊन पंचगंगा होते. या सगळ्या सह्याद्रीतून येतात. शहरात ऊन पडलेलं असतं आणि तिकडे दाजीपूर-गगनबावड्याला धो धो कोसळत असतं. राधानगरी धरणाला स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, कुणाच्या हुकमाची वाट बघत नाहीत. एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी भोगावतीत येतं. मग इथल्या प्रत्येक फोनवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी फिरायला लागते. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. मुंबईत आपण लोकलचं वेळापत्रक जसं तोंडपाठ ठेवतो तसे हे दोन आकडे इथल्या पोरासोरांना पाठ असतात.

आम्ही आलो त्याच्या पुढच्याच ऑगस्टात, २०१९ ला, पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आम्ही तेव्हा राजारामपुरीत होतो, तो भाग उंचावरचा. घरात थेंब आला नाही, पण नळ कोरडे झाले, कारण नदीकाठची उपसा केंद्रंच पाण्याखाली गेली. शिरोलीजवळ महामार्ग बुडाला, शहरात ट्रक येईना, पेट्रोल संपलं. माझं एक गिऱ्हाईक शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ राहायचं. ओळख फक्त कामापुरती, वहीतल्या नावाएवढी. त्यांच्या घरात छातीएवढं पाणी. मी फोन केला आणि म्हटलं, आमच्याकडे या. म्हातारी आई, दोन मुलं, नवरा-बायको आणि पिंजऱ्यातला पोपट असे सगळे आले. हॉलमध्ये गाद्या घातल्या. त्यांच्या आईने पहिल्याच संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला, मला म्हणाल्या, "तू तुजं लिवायचं काम कर जा." गणपती तोंडावर आले होते. त्यांच्या गल्लीत तयार होऊन रंग वाळायला ठेवलेल्या मूर्तींचा चिखल झाला. ती माणसं दिवसभर कमरेएवढ्या पाण्यातून जमेल त्या मूर्ती वर चढवत होती आणि रात्री आमच्याकडे येऊन काही न बोलता जेवत होती. २०२१ च्या जुलैत पुन्हा तसाच पूर आला, पातळी आणखी थोडी वर. तेव्हा काय करायचं ते आम्हाला माहीत होतं: पिंपं भरून ठेवली, गाडीत पेट्रोल भरलं, गाद्या बाहेर काढल्या.

तुम्ही विचारलंत ना आपलं म्हणतात का? मला तरी त्या आठवड्यापासून परकं वाटलेलं नाही. पण कोरडं उत्तरही देते. घर बघायला गेलात की पहिला प्रश्न "गाव कुठलं?" आणि त्यामागून आडनाव. त्यात जात चाचपणं असतं, ते लपवत नाही, आणि मला ते आजही आवडत नाही. पण कणकवली म्हटलंत की निम्मे चेहरे उजळतील. कोकणातली माणसं इथे पिढ्यान्पिढ्या येऊन राहिली आहेत, व्यापाराला, शिकायला, दवाखान्याला. तुम्ही शिकवता हेही मोठंच. शेजारची चार मुलं शिकवणीला यायला लागली की ओळखी मागायला जावं लागत नाही.

आता पैसे. स्वस्त काय आणि तेवढंच काय हे वेगळं करून बघा. घरभाडं उतरतं, ठळक उतरतं. तुमच्यासारख्या कुटुंबाला लिफ्ट असलेलं टूबीएचके १३ ते १६ हजारांत मिळायला हरकत नाही. अनामत रक्कमही मुंबईसारखी अंगावर येत नाही. कामाला येणाऱ्या बाई, भाजी, डॉक्टरची तपासणी फी, दळण, शिवण हे सगळं कमी. आमचा सगळ्यात मोठा फरक पडला तो प्रवासात आणि बाहेरच्या खाण्यात. कारण दुपारी घरी येऊन जेवता येतं.

वीजबिल मात्र तेच येतं. डोंबिवलीला महावितरण, इथेही महावितरण, दर सारखेच. गॅस, पेट्रोल, मोबाइल, विमा, औषधं, ऑनलाइन मागवलेलं सामान, खासगी शाळांची फी यांत काही खास बचत धरू नका. दुधाचा खर्च आमचा तर वाढला, कारण इथे म्हशीचं दूध प्यायची सवय लागते. गंगावेशीत कट्ट्यावर म्हैस समोर उभी असते आणि धारोष्ण दुधाचा पेला हातात देतात. मुलीला एकदा नेऊन आणा. शिवाय एक नवा खर्च येतो, दुचाकीचा. केएमटीच्या बस आहेत पण मोजक्या, त्यांच्या भरवशावर शाळा आणि शिकवण्या जमत नाहीत. घरात दोन दुचाक्या लागतीलच असं धरून चला. सासूबाईंना रिक्षा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुमच्या नवऱ्याचा पगार. तो मुंबईचा राहतो तोपर्यंत कोल्हापूर तुम्हाला स्वस्त आहे. त्यांच्या कंपनीने उद्या सगळ्यांना ऑफिसात बोलावलं तर इथे त्या पगाराची नोकरी शोधणं अवघड. इथली रोजी ओतकामात, मशीनशॉपमध्ये, साखर कारखान्यांत, गुळात, दुधात, कापडात. त्यात मान आहे, काम भरपूर आहे, पण आयटीची दुनिया लहान. मी स्वतः कळव्याला असताना जेवढं कमवायचे तेवढं इथे यायला बरीच वर्षं गेली, आणि तेही एका पगारावर नाही, दहा-बारा गिऱ्हाइकांची कामं गोळा करून. म्हणून हातातले पैसे घरात गुंतवण्याआधी वर्षभराचा खर्च बाजूला काढून ठेवा, त्याला हात लावू नका.

पेठेतला

ताई, वर सांगितलंय त्यातलं एक अक्षर खोटं न्हाई. मी मंगळवार पेठेतला, जन्म हितलाच. भागाचं मी सांगतो.

पाणी येतंय ते भाग आधी ध्यानात घ्या: दुधाळी, सुतारवाडा, सिद्धार्थनगर, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, रमणमळा, न्यू पॅलेसची बाजू, बापट कॅम्प, नागाळा पार्काचा खालचा भाग, आणि जयंती नाल्याच्या कडंची घरं. नाल्याचं लक्षात ठेवा, कारण नवीन माणूस नदी बघतो, नाला बघत न्हाई. नदीला फुगवटा आला की नाल्याचं पाणी पुढं सरकत न्हाई, मागं येतंय. घर नदीपासनं लांब असलं तरी अंगणात पाणी. एजंट म्हणणार "हितं कधी आलं न्हाई." त्याला सोडा, खालच्या दुकानदाराला विचारा, एकोणीसला पाणी कुठवर होतं. तो भिंतीवर हात लावूनच दाखवंल.

पाटबंधारे खात्यानं दोन पूररेषा आखल्यात. निळी म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदा. पण आमच्याकडं २०१९ आणि २०२१ असे दोन वर्षांच्या अंतरानं आले, त्याआधी २००५ ला आलता. तेव्हा नुसत्या रेषेवर जाऊ नका, डोळ्यानं बघा.

उंचावरचं म्हणाल तर राजारामपुरी, सागरमाळ, राजेंद्रनगर, विद्यापीठाची बाजू, जरगनगर. म्हाताऱ्या बाईंना घेऊन यायचं असंल तर राजारामपुरी बघा. गल्ल्यांना नंबर हैत, पत्ता सांगायला सोपा, भाजी, औषधं, दवाखाना सगळं चालत जाण्यासारखं. जुन्या इमारतींना लिफ्ट नसती, तेवढं तपासा.

आमच्या पेठा लई गोड, पण सासूबाईंचे गुडघे आणि शिकवणी बघता सांगतो, हितं नको. गल्ली अरुंद, गाडी लावायला जागा न्हाई, आणि गणपतीत, शिवजयंतीला, फुटबॉलच्या हंगामात आवाज असतोय. शाहू स्टेडियमवर पेठांच्या टीमांची मॅच असली की आमची सगळी गल्ली तिकडं. आम्हाला त्याशिवाय करमत न्हाई. नवीन माणसानं लांबनं येऊन बघावं, मग हळूहळू त्यालापण लागतंय.

आणि एक. हायकोर्टाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सगळीकडचे वकील आणि पक्षकार आता हितं येतात. ताराबाई पार्क, नागाळा पार्क, सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या आसपास ऑफिसं आणि भाड्याची घरं शोधणारे वाढलेत. त्या बाजूचा भाव ऐकून सगळं कोल्हापूर महाग झालं असं समजू नका. पण याचंच नाव घेऊन एजंट घाई करतात, तेही खरं.

गोग्रासवाडीकर

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. पुराचं आम्ही बातम्यांत बघितलं होतं, पण नाल्याचं पाणी मागे येतं हे कुणीच सांगितलं नव्हतं.

पाचगाव उंचावर आहे ना? मग तिथे घ्यायला काय हरकत, असं नवरा विचारतोय. एजंटने २ लाख टोकन मागितलंय आणि पावती साध्या कागदावर देतो म्हणतो. आणि मुलीची शाळा: पावसाळा बघायचा म्हणजे शाळा मध्येच बदलावी लागेल का?

उद्यमनगरची हिशेबनीस

पाचगाव उंचावर आहे, पुराची भीती नाही. तिथे अडचण उलटी आहे, पाण्याची. पाचगाव, मोरेवाडी, आर. के. नगर या बाजूला उन्हाळ्यातल्या पाण्याची ओरड जुनी आहे. शहराला काळम्मावाडीहून थेट पाईपलाईनचं पाणी २०२३ च्या दिवाळीत आलं, त्यासाठी लोक कितीतरी वर्षं भांडले. पण शहराला पाणी आलं म्हणजे पाचगावला आलं असं होत नाही. कोल्हापूर महापालिका १९७२ ला झाली आणि शहराची हद्द तेव्हाची तीच राहिली. हद्दवाढीचा वाद पिढीभर चाललाय. त्यामुळे रस्त्याच्या अलीकडे महापालिका आणि पलीकडे ग्रामपंचायत, इमारती मात्र सारख्याच दिसतात. घरपट्टी कमी असते म्हणून लोक पलीकडे घेतात. मग कचरा, सांडपाणी, रस्त्यावरचे दिवे आणि नळ यांसाठी वेगळ्या दारात उभं राहावं लागतं.

मी पाचगाव नको म्हणत नाही. माझी दोन गिऱ्हाइकं तिथे समाधानाने राहतात. त्या इमारतीत जा, एजंटला न घेता, एखाद्या संध्याकाळी. आधीपासून राहणाऱ्या बाईंना विचारा: नळाला पाणी किती दिवसाआड येतं, एप्रिल-मेमध्ये टँकर किती लागले, त्याचे पैसे दर घरामागे किती पडले, बोअर आटते का. ही चार उत्तरं मिळाली की त्या ४२ लाखांचा खरा अर्थ लागेल. टँकरचा खर्च महिन्याच्या हप्त्यात मिळवून बघा.

कागदांचं मात्र ठाम सांगते, कारण हे माझं रोजचं काम आहे. साध्या कागदावरच्या पावतीवर २ लाख देऊ नका. इमारतीत आठापेक्षा जास्त घरं असतील आणि जमीनही ५०० चौरस मीटरहून मोठी असेल तर महारेराची, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी लागते. तो क्रमांक मागा आणि संकेतस्थळावर स्वतः घालून बघा. कायद्याने नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. २ लाख त्या मर्यादेत बसतात, पण ती रक्कमही बिल्डरच्या नावाने, बँकेतून, त्याच्या सही-शिक्क्याच्या पावतीवर द्यायची. एजंटच्या हातात नाही. हद्दीबाहेरच्या ४२ गावांसाठी २०१७ मध्ये वेगळं नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झालं. बांधकाम परवानगी कुणी दिली आणि कधी, हे त्या तारखेशी ताडून बघा. बिगरशेती आदेश, भोगवटा प्रमाणपत्र, सातबारा किंवा मालमत्तापत्रक, सगळं एखाद्या स्थानिक वकिलाकडून वाचून घ्या. त्याची फी द्यायला कचरू नका. आणि घर घ्याल तेव्हा एकट्या तुमच्या नावावर घेता येत असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. नवऱ्याला हे जेवताना सांगा, रागावणार नाहीत.

शाळा मध्ये बदलायची गरज नाही. वार्षिक परीक्षा झाली की दाखला काढा, मे अखेरीला सामान हलवा, जूनच्या मध्यावर शाळा भरेल तेव्हा ती आठवीत इथे पहिल्या दिवसापासून बसेल. म्हणजे शाळाही वेळेवर आणि पावसाळाही पूर्ण दिसतो. शाळा मात्र घराआधी ठरवा, मग त्या शाळेपासून जवळचं भाड्याचं घर बघा. शहराबाहेर मोठ्या आवारांच्या शाळा आहेत, त्यांच्या बसमध्ये मुलांचा रोज बराच वेळ जातो. मुंबईचा प्रवास सोडून इथे येऊन मुलीला बसमध्ये बसवायचं हे मला पटत नाही. राजारामपुरी, मंगळवार पेठ, शाहूपुरी या बाजूला जुन्या, चांगल्या शिकवणाऱ्या मराठी आणि सेमी इंग्रजी शाळा आहेत.

भाडेकरार नोंदणीकृतच करा. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकाची आहे, पण बरेच मालक "कशाला, अकरा महिन्यांचाच तर आहे" म्हणतात. अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवावा लागतो. शाळेत, गॅसला, बँकेत पत्त्याचा पुरावा म्हणून तोच कागद लागतो. खर्च अर्धा-अर्धा वाटून घ्या, वाद संपतो.

कृष्णाकाठ

मिरजेचा आहे, म्हणून दवाखान्यांपुरतं बोलतो. कोल्हापुरात सीपीआर हे मोठं सरकारी रुग्णालय आहे आणि खासगी अस्थिरोगतज्ज्ञ भरपूर आहेत, त्यामुळे गुडघ्यांसाठी तुम्हाला शहर सोडावं लागणार नाही. तरी दुसरं मत घ्यायचं असेल तर मिरज तासाभराच्या आसपास. इथे १८९४ पासून मिशन हॉस्पिटलची परंपरा आहे आणि त्याभोवती डॉक्टरांचं गावच उभं राहिलंय. कर्नाटकातून, कोकणातून लोक येतात.

खरं सांगायचं तर मिरजेचाही विचार करा. घरभाडं कोल्हापूरपेक्षा कमी, रेल्वेचं जंक्शन, महालक्ष्मी इथूनच पुढे जाते. पूर आम्हालाही आहे. सांगलीत आयर्विन पुलाची पातळी बघायची, ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. मिरजेत कृष्णाघाटाच्या बाजूला पाणी येतं, स्टेशनची बाजू सुरक्षित. फोंडा घाट मात्र लांब पडतो, तेवढं एक तुमच्या दृष्टीने कमी.

पेठेतला

मिरजकरांचं बरोबर हाय, पण कणकवलीला जायचं असंल तर कोल्हापूरच. सणाला गावाकडं निघताना सासूबाईंना गाडीत पाच तास बसवण्यापेक्षा हितनं निघालेलं बरं. घाट बंद-चालू असतोय पावसात, दरड बघून निघायचं. आणि उसाच्या हंगामात राधानगरी रोडला ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात, मागं दिवा नसतो कितींना. रात्री निघू नका.

गोग्रासवाडीकर

घरात बसून सगळ्यांनी वाचलं. सासूबाईंनी दोनदा वाचून घेतलं. ठरलं: मे अखेरीला भाड्याने येतोय, राजारामपुरी किंवा सागरमाळ. टोकन देणार नाही असं एजंटला कळवलं. वर्षभराचा खर्च वेगळ्या खात्यात ठेवायला नवरा तयार झालाय. एप्रिलमध्ये शाळा बघायला दोन-तीन दिवस येऊ. निघण्याआधी डोंबिवलीतून कुठले कागद करून घ्यायचे?

उद्यमनगरची हिशेबनीस

चांगलं ठरवलंत. मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रक, शाळेच्या नोंदीतला तिचा विद्यार्थी क्रमांक लिहून. गॅस एजन्सीकडून बदलीचा कागद घ्या, सिलिंडर तिकडेच जमा करा. सासूबाईंची जुनी एक्स-रे, एमआरआयची पाकिटं सामानाच्या ट्रकमध्ये टाकू नका, हातात आणा. गाडी एमएच ०५ असेल तर नंबर बदलायचा नाही, राज्य तेच आहे. फक्त पत्ता बदलायचा अर्ज ३० दिवसांत करायचा. मतदारयादीसाठी अर्ज क्रमांक ८, तो इथे आल्यावर भाडेकरारावर होतो.

एप्रिलमध्ये याल तेव्हा रविवार धरून या. लक्ष्मीपुरीत आठवडी बाजार भरतो, भाजीचे भाव स्वतः बघाल. सोमवारी शाळा उघड्या असतील. मी दुपारी दोनपर्यंत उद्यमनगरात असते, नंतर मोकळी. राजारामपुरीतल्या तीन-चार घरमालकांना मी आधीच विचारून ठेवते, लिफ्टवाली इमारत आणि जनरेटर आहे का तेही. सासूबाईंना जेवणात काय चालत नाही ते कळवा, तिखट बेताने घालता येतं.